धान्यमंडळाचे अकरा महिने: डाळ झकास, बैठका फार

आम्ही घरात चौघं, राहायला बडोद्याच्या दांडिया बाजारात. गेल्या एप्रिलात आमची सोसायटी आणि शेजारची दोन-तीन घरं धरून ३४ कुटुंबांनी धान्यमंडळ काढलं, म्हणजे सगळ्यांनी मिळून घाऊकात धान्य आणायचं. महिन्याच्या ५ तारखेच्या आत यादी आणि पैसे द्यायचे. हातीखान्याच्या घाऊक धान्यबाजारातून पोती येतात आणि दुसऱ्या रविवारी खाली पार्किंगमध्ये वाटप होतं. अकरा महिने झाले, आता मत द्यायला हरकत नाही.

मालाला नाव ठेवायला जागा नाही. वासदची तूरडाळ दोन शिट्ट्यांत मेणासारखी शिजते. वर्षाचे गहू एप्रिलातच भरले, दिवेलचा (एरंडेल तेलाचा) हात देऊन कोठीत टाकले. पावसाळ्यात एक किडा दिसला नाही. मात्र गव्हावरूनच पहिलं भांडण झालं. आम्हा मराठी घरांना पोळीसाठी लोकवन हवा, गुजराती शेजाऱ्यांना भाखरीसाठी भालिया. (लोकवन म्हणजे ‘लोक-१’, सौराष्ट्रातल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेचं वाण, हे मला त्या वादात कळलं. इतकी वर्षं खाते आहे!) एका घराला एक मत, मग कुणी दोन पोती घेवो की पाच किलो. आम्ही हरलो. पुढच्या बैठकीत दोन्ही आणायचं ठरलं, जे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं.

बचत म्हणाल तर महिन्याला साडेतीनशे-चारशे. पाकीटबंद, लेबलवाल्या डाळ-तांदळावर जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे, सुट्यावर नाही. थोडं त्यात वाचतं, बाकी किरकोळ दुकानदाराचा नफा. रिक्षाभाडं वजा केलं की फार उरत नाही. निव्वळ पैशासाठी कुणी येत असेल तर नका येऊ.

उधारी अजिबात नाही. इंग्लंडातल्या रॉचडेलच्या २८ जणांनी १८४४ साली सहकारी दुकान काढलं तेव्हाही रोखीचाच नियम होता, आणि शिल्लक खरेदीच्या प्रमाणात वाटायची हेही त्यांचंच. आमच्यातले एक आजोबा मात्र रॉचडेल म्हटलं की उसळतात. “विलायतेत कशाला जाता? विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी अन्योन्य सहकारी मंडळी इथे बडोद्यात काढली, १८८९ला. सरकारचा सहकाराचा कायदा आला १९०४ला!” प्रत्येक बैठकीत दहा मिनिटं यात जातात. पण बरोबर आहे त्यांचं.

वाटपाच्या कामाच्या पाळीचा घोळ मोठा. दर वाटपाला सहा घरं, म्हणजे वर्षातून दोनदा पाळी. जो येणार नाही त्याला शंभर रुपये दंड लावला, तर दंड म्हणजे जणू सुट्टीचं तिकीट झालं! काही जण आधीच हसत शंभराची नोट ठेवून जायचे. तीन महिन्यांनी दंड रद्द केला. आता पाळी चुकली की पुढच्या महिन्याचा माल बंद. गर्दी होते आता.

आणि एक गोष्ट, जिच्यामुळे हे लिहायला बसले. पहिले चार महिने ५० किलोच्या प्रत्येक पोत्यात माल अर्धा किलो कमी भरायचा. दर वेळी वजनाला एकच काका बसायचे. ग्रुपवर कुणीच नाव घेतलं नाही, पण “सगळं बघायला हवं” असं तिघा-चौघांनी लिहिलं, आणि मीही खाली अंगठा टाकला. काका पुढच्या रविवारी आले नाहीत. मग एका वहिनींनी सहज रिकामं पोतं काट्यावर ठेवलं: ५८० ग्रॅम. व्यापारी बारदानासकट तोलून देत होता, आणि आमच्यापैकी एकानेही रिकामं पोतं तोलून पाहिलं नव्हतं.

आता बारदान वेगळं तोलून वहीत लिहितो, व्यापाऱ्याकडून तेवढं कापून घेतो. हिशेबाचा कागद दर महिन्याला जिन्यापाशी चिकटवतो. काकांना “चुकलं” असं बैठकीत कुणीच म्हटलं नाही. ‘गैरसमज दूर झाला’ एवढी ओळ इतिवृत्तात आहे. काका माल न्यायला येतात, पिशवी पुढे करतात आणि वजन होईपर्यंत गेटकडे बघत राहतात.

पुढच्या वर्षाचे पैसे भरलेत. तेलाचा डबा मात्र दुकानातूनच घेते, मंडळाचा दोनदा गळका निघाला. या रविवारी काट्यावर माझी पाळी आहे. काकांकडे आज संध्याकाळी जाऊन येते.