परसात बटरनट लावावा की ब्लॅक वॉलनट?

कॅनडाच्या आग्नेय भागात किंवा अमेरिकेच्या ईशान्येकडे परसात देशी अक्रोड लावायचा म्हटलं की हीच दोन झाडं समोर येतात. बटरनटलाच व्हाइट वॉलनट आणि ऑइलनट म्हणतात. नर्सरीत मात्र शास्त्रीय नावच विचारा: बटरनट म्हणजे जुग्लान्स सिनेरिया, ब्लॅक वॉलनट म्हणजे जुग्लान्स निग्रा. बटरनट स्क्वॉश हा भोपळा आहे, त्याचा इथे संबंध नाही.

चवीत आम्ही बटरनटच्या बाजूने. फळ लांबट, टोकदार, वर चिकट लव. आतला गर सौम्य आणि लोण्यासारखा. तेल भरपूर असल्याने तो लवकर खवट होतो, म्हणून सोललेला गर फ्रीझरमध्येच ठेवा. ब्लॅक वॉलनटचं फळ गोल, चव उग्र. कवच दोन्हींचं टणक, हातोडीशिवाय फुटत नाही.

खरा निर्णय रोगावर होतो. बटरनट कँकर या बुरशीजन्य रोगाची पहिली नोंद 1967 साली विस्कॉन्सिनमध्ये झाली. सालीखालच्या जखमा वाढत एकमेकींना मिळतात, खोडाला वेढा पडला की झाड वाळतं. खात्रीचं औषध नाही. कॅनडाने 2005 पासून ही प्रजाती धोक्यातल्या यादीत घेतली आहे. त्यामुळे अनेक वर्षं फळं किंवा महागडं लाकूड हवं असेल तर ब्लॅक वॉलनटच लावा. पण तो सहज 25 मीटरवर जातो; बटरनट साधारण 12 ते 18 मीटरचा, आणि कडक थंडी जास्त सोसतो. मुळांतलं जुग्लोन हे इतर काही झाडांना मारक रसायन दोन्हींत असतं, ब्लॅक वॉलनटमध्ये अधिक. टोमॅटो, बटाटे आणि सफरचंद 15 मीटर तरी लांब ठेवा.

बटरनट म्हणून पुष्कळदा जपानी अक्रोडाशी झालेला संकर विकला जातो. तो कँकरला बहुधा जास्त टिकतो. फक्त फळं हवी असतील तर चालेल, जात जपायची असेल तर नाही. बारीक फांदी उभी चिरून बघा. अस्सल बटरनटचा कप्प्याकप्प्यांचा गाभा गडद तपकिरी असतो, संकराचा बहुधा फिकट. ब्लॅक वॉलनटचाही फिकटच, पण त्याच्या पान गळाल्याच्या खुणेला वर खाच असते. बटरनटची खूण वरून सरळ, तिच्यावर भुवईसारखी लव.

बी जवळपासच्या निरोगी झाडाचं घ्या. वरची साल काढताना हातमोजे घाला, डाग आठवडाभर जात नाहीत. ओलसर वाळूत 4 अंशांवर 90 ते 120 दिवस ठेवून, भरपूर उन्हात थेट कायमच्या जागी 5 सेंटिमीटर खोल पेरा. सोटमूळ लवकर खोल जातं, नंतर हलवलेलं रोप रुसतं. वर तारेची जाळी हवीच, नाहीतर खारी बी उकरून नेतात.