सोसायटी ऑफ बिहेवियरल मेडिसिन: मिरजेतून सभासद व्हावं का?

आजार आणि सवयी यांच्या नात्यावर संशोधन करणाऱ्यांची ही अमेरिकी संस्था १९७८ पासून चालू आहे. सांगली-मिरजेत पीएसएम (रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) किंवा मानसशास्त्रात थिसिस करणाऱ्यांना तिचा उपयोग आहे, पण सरसकट नाही.

सगळ्यात मोलाची तिची नियतकालिकं. 'अ‍ॅनल्स ऑफ बिहेवियरल मेडिसिन'मधल्या २०१३ च्या एका लेखात सवय बदलण्याची ९३ तंत्रं व्याख्येसह १६ गटांत मांडली आहेत. तेवढा एक लेख वाचला तरी फी वसूल. आपल्याकडच्या थिसिसच्या सिनॉप्सिसमध्ये 'रुग्णांचे समुपदेशन करण्यात आले' एवढंच असतं. कोणी केलं, किती मिनिटं, काय सांगितलं, काही पत्ता नाही. मग निकाल चांगला आला तरी तासगावच्या आरोग्य केंद्रात तेच पुन्हा करता येत नाही. यादी हाताशी असली की नेमकं लिहिता येतं: मशेरी सोडायची तारीख रुग्णाने स्वतः ठरवली, दिवसातून किती वेळा लावली त्याची नोंद घरी ठेवली, सकाळी मशेरीऐवजी दंतमंजन वापरलं. ही तीन वेगळी तंत्रं झाली, आणि कोणतं कुठे फसलं तेही नंतर शोधता येतं.

अडचण दुसरीकडे आहे. तिथल्या अभ्यासांत तंबाखू म्हणजे बहुतेक वेळा सिगारेट. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या गॅट्स या प्रौढांच्या तंबाखूसेवनाच्या पाहणीत धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के. म्हणून फुंकून तपासायचं कार्बन मोनॉक्साइडचं यंत्र इथे आणू नका. गुटखा खाल्ल्याने किंवा मशेरी लावल्याने तो आकडा वाढत नाही. रोज खाणाराही 'सुटला' म्हणून नोंदला जाईल. लाळेतलं किंवा लघवीतलं कोटिनिन मोजा; शरीरात निकोटिनपासून ते तयार होतं. तेही गेल्या काही दिवसांपुरतंच सांगतं, आणि निकोटिनचं च्युइंगगम चालू असेल तर पॉझिटिव्हच येतं. गम घेणाऱ्यांची नोंद वेगळी ठेवा.

वेबिनारची वेळ जाचक. तिकडच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारचा एक म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा, थंडीत साडेअकरा. वार्षिक अधिवेशनाचा खर्च तर विद्यार्थ्याने मनातही आणू नये.

आधी पबमेड सेंट्रल या वैद्यकीय लेखांच्या मोफत ऑनलाइन संग्रहात पाहा; पुष्कळ लेख तिथे फुकट आहेत. संस्थेच्या एखाद्या विषयगटात, म्हणजे एकाच विषयात रस असलेल्या सभासदांच्या गटात, सामील व्हायचं असेल तरच सभासदत्व घ्या, तेही विद्यार्थी दराने. फी डॉलरमध्ये कापली जाते, तेव्हा कार्डावरचे परदेशी व्यवहार आधी बँकेकडून सुरू करून घ्या.