क्रिटा : कृष्णधवल अंतराळचित्रांवर अभिप्राय देण्याघेण्याच्या कसोटीवर

क्रिटा हे चित्रकलेचे सॉफ्टवेअर मुक्त स्रोत आहे, त्याच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवता येते आणि विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्हींवर चालते. त्याच्या ब्रशांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यामुळे इथे मी एका मर्यादित कामापुरतेच त्याचे परीक्षण करणार आहे. चंद्र, ग्रह, वलये, तेजोमेघ यांची कृष्णधवल चित्रे काढणारे चित्रकार एकमेकांच्या कामावर अभिप्राय देतात तेव्हा हे साधन कितपत उपयोगी पडते, एवढाच इथला प्रश्न आहे. माझ्या मते ते या कामासाठी उत्तम आहे, आणि त्याचे मुख्य कारण असे की अभिप्राय शब्दांत न राहता चित्रावर, मूळ चित्राला धक्का न लावता, मांडता येतो. काही उणिवा आहेत आणि त्या पुढे सांगितल्या आहेत.

कृष्णधवल अंतराळचित्रावरचा अभिप्राय इतर चित्रांवरील अभिप्रायापेक्षा अवघड असतो. रंगीत चित्रात रंगसंगती, उष्ण-शीत छटा, पोत अशा अनेक गोष्टींवर बोलता येते. इथे सगळा भार करड्या छटांच्या क्रमावर आणि प्रकाशाच्या दिशेवर असतो. त्यातही चित्राचा बहुतांश भाग जवळजवळ काळा असतो, म्हणजे जे काही चुकते ते अगदी गडद छटांच्या एका चिंचोळ्या पट्ट्यात चुकते. अशा चित्राखाली ‘सुंदर’ किंवा ‘थोडा कॉन्ट्रास्ट वाढव’ असे लिहिल्याने चित्रकाराच्या हाती काहीच लागत नाही, कारण कॉन्ट्रास्ट कुठे, किती आणि कोणत्या छटेपासून कोणत्या छटेपर्यंत वाढवायचा हे त्यातून कळत नाही.

क्रिटामध्ये नवी फाईल उघडताना रंगप्रणाली म्हणून ‘ग्रेस्केल’ निवडता येते आणि प्रत्येक छटेची नोंद ८ बिटांत ठेवायची की १६ बिटांत हेही ठरवता येते. अंतराळचित्रासाठी ही निवड फार महत्त्वाची आहे. ८ बिटांत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत फक्त २५६ पायऱ्या मिळतात. १६ बिटांत ६५,५३६ मिळतात. समजा एखाद्या तेजोमेघाची प्रभा ३,००० पिक्सेलच्या अंतरात तिसाव्या पायरीवरून शून्यावर उतरते आहे. ८ बिटांच्या फाईलमध्ये तिची प्रत्येक पायरी सुमारे १०० पिक्सेल रुंद होईल आणि गुळगुळीत उताराऐवजी डोळ्यांना पट्टे दिसतील. शनीभोवती २००४ ते २०१७ या काळात फिरलेल्या कॅसिनी यानाचे कॅमेरे मुळात कृष्णधवलच होते, रंग गाळण्यांच्या साहाय्याने नंतर जुळवले जात, आणि ते कॅमेरे १२ बिटांत, म्हणजे ४,०९६ पायऱ्यांत, प्रकाशाची नोंद करत. ज्या छायाचित्रांकडे पाहून आपण चित्रे काढतो त्यांच्यामागे एवढी सूक्ष्मता असेल, तर चित्रही १६ बिटांतच काढावे असा माझा आग्रह आहे. ग्रेस्केलमध्ये प्रत्येक पिक्सेलला करडी छटा आणि पारदर्शकता अशा दोनच वाहिन्या लागत असल्याने त्याच आकाराच्या रंगीत फाईलच्या निम्मीच मेमरी लागते. ६,००० गुणिले ४,००० पिक्सेलचा पूर्ण भरलेला एक लेयर (चित्रावर ठेवलेला स्वतंत्र थर) १६ बिटांतही सुमारे ९६ मेगाबाइटमध्ये बसतो, त्यामुळे बेताच्या संगणकावरही काम करता येते.

‘पट्टे दिसतात’ असा अभिप्राय आला तर ते चित्रात आहेत, पाठवताना आले आहेत की पाहणाऱ्याच्या पडद्यावर आहेत, हे आधी ठरवावे लागते. चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवले की ते दाबले जाते आणि गडद उतारांची सर्वांत जास्त हानी होते. म्हणून ते डॉक्युमेंट म्हणून, पीएनजी स्वरूपात पाठवावे. स्वतःच्या फाईलची एक प्रत क्रिटामध्ये ८ बिटांत बदलून पाहिली की इतरांना काय दिसणार आहे याचा बराच अंदाज येतो, आणि बदलण्यापूर्वी अगदी हलका ‘रँडम नॉइज’ फिल्टर लावला तर पट्टे मोडतात.

या सॉफ्टवेअरची अभिप्रायासाठी सर्वांत मोलाची सोय म्हणजे फिल्टर लेयर. लेव्हल्स किंवा कर्व्ह्ज यांसारखा, छटा कमी-जास्त उजळ करणारा बदल मूळ पिक्सेलांवर न करता एका वेगळ्या लेयरवर ठेवता येतो आणि त्याच्या शेजारचे डोळ्याचे चिन्ह दाबून तो लपवता किंवा दाखवता येतो. अभिप्राय देणाऱ्याने ‘मला दिवस-रात्रीच्या सीमेजवळचा भाग फार उजळ वाटतो’ असे नुसते न लिहिता तेवढ्या भागापुरता फिल्टर लेयर टाकून फाईल परत पाठवली, तर घेणाऱ्याला दोन्ही अवस्था आलटून पालटून पाहता येतात. पटले तर ठेवायचे, अर्धवट पटले तर लेयरची अपारदर्शकता निम्मी करायची, आणि नाही पटले तर तो लेयर पुसून टाकायचा. मूळ चित्र जसेच्या तसे राहते. अभिप्राय घेणाऱ्याचा मान राखण्याची याहून चांगली रीत मला तरी माहीत नाही, कारण निर्णय शेवटपर्यंत त्याच्याच हातात राहतो.

एक अडचण मात्र नवख्यांना हमखास येते. ग्रेस्केल फाईलमध्ये लाल रंग घेऊन खुणा करायला गेले तर त्या करड्याच उमटतात आणि चित्रात मिसळून जातात. त्यासाठी अभिप्राय देणाऱ्याने आधी फाईलची एक आरजीबी, म्हणजे रंगीत, प्रत करावी, खुणा व सुचवलेल्या रेषा तिच्यावर वेगळ्या लेयरमध्ये काढाव्यात, आणि छटांमध्ये बदल सुचवायचा असेल तर तो मूळ ग्रेस्केल फाईलमध्येच फिल्टर लेयर म्हणून द्यावा. घेणाऱ्यासाठी ‘सेव्ह इन्क्रिमेंटल व्हर्जन’ ही आज्ञा फार उपयोगाची आहे. ती दिली की फाईल पुढच्या क्रमांकाने जतन होते आणि कोणत्या सूचनेनंतर चित्र कसे बदलले याचा माग राहतो.

पाहण्याची दिशा बदलण्याची सोयही मला तितकीच महत्त्वाची वाटते. एम ही कळ दाबली की चित्र आरशातल्यासारखे उलटे दिसते, आणि ४ व ६ या कळांनी कॅनव्हास फिरवता येतो. दोन्ही बदल केवळ पाहण्यापुरते असतात. चंद्रविवरांच्या चित्रांत याचा खरा उपयोग होतो. प्रकाश वरून येतो असे आपला मेंदू गृहीत धरतो, त्यामुळे प्रकाश खालच्या बाजूने येत असेल तर विवर खोलगट न दिसता फुगवट्यासारखे दिसू लागते. काढणाऱ्याला ते विवर आहे हे आधीच माहीत असल्याने त्याला हा दोष दिसत नाही. अभिप्राय देणाऱ्याला तो चटकन दिसतो. कॅनव्हास १८० अंशांत फिरवून दोघांनी एकत्र पाहिले की वाद मिटतो, आणि मग विवराच्या कडेवर एखादी ओळखीची खूण, जसे घरंगळलेल्या शिळा किंवा कडेची पडलेली सावली, वाढवून आकार स्पष्ट करता येतो.

इथपर्यंत साधनाविषयी झाले, पण साधन कितीही चांगले असले तरी त्यावर मांडायचा अभिप्राय बरोबर असावा लागतो, आणि अंतराळचित्रात तो बरोबर असण्यासाठी प्रकाशाचे थोडे भौतिकशास्त्र ठाऊक असावे लागते. सर्वांत जास्त दिली जाणारी आणि बहुधा चुकीची सूचना म्हणजे पूर्ण चंद्राच्या कडा गडद करून त्याला गोलाई देणे. चित्रकलेच्या वर्गात गोळ्याला छटा देण्याचा जो धडा आपण शिकतो तो गुळगुळीत, निस्तेज पृष्ठभागाच्या गोळ्याचा असतो. चंद्राचा पृष्ठभाग खडबडीत धुळीचा आहे आणि ती धूळ प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेला जास्त परत फेकते. म्हणून पौर्णिमेचा चंद्र कडेपर्यंत जवळजवळ सारखाच उजळ, सपाट तबकडीसारखा दिसतो. गुरूचे तसे नाही. तिथे वायूचे वातावरण आहे आणि कडेकडे तेज खरोखरच मंदावते. तेव्हा ‘कडा गडद कर’ ही सूचना गुरूच्या चित्राला लागू पडते आणि चंद्राच्या चित्राला बिघडवते.

दुसरी सूचना ‘दूरचे डोंगर फिके कर, म्हणजे खोली येईल’ ही. सह्याद्रीच्या रांगा काढताना हे अगदी खरे आहे, कारण मधल्या हवेमुळे दूरचे फिके होत जाते. मंगळावरही हवेतील धुळीमुळे ते काही प्रमाणात खरे आहे. चंद्रावर हवाच नाही, त्यामुळे दूरचा डोंगरही जवळच्या दगडाइतकाच स्पष्ट दिसतो. १९७१ मध्ये अपोलो १४ चे अंतराळवीर चंद्रावरील ‘कोन’ नावाच्या विवराच्या कडेच्या अगदी जवळ पोचूनही ती कडा न सापडता परतले, आणि अंतराचा अंदाज न येणे हे त्यामागचे एक कारण होते. ही संभ्रमावस्था चित्रात उतरली तर तो दोष नसून चंद्राचा स्वभाव आहे, आणि अभिप्राय देणाऱ्याने तो पुसायला सांगू नये. खोली हवीच असेल तर ती आकारांच्या लहानमोठेपणातून, एकमेकांना झाकणाऱ्या कडांतून आणि दगडांच्या दाटीतून आणावी.

सावल्यांविषयीही असेच आहे. हवा नसल्याने चंद्रावरील सावली गडद असते हे खरे, पण ती सगळीकडे शुद्ध काळी असते असे नाही. आसपासची उजळलेली जमीन सावलीत प्रकाश परावर्तित करते. अपोलो ११ च्या चांद्रयानाच्या सावलीत शिडीवरून उतरणारा बझ ऑल्ड्रिन छायाचित्रात स्पष्ट दिसतो तो याच कारणामुळे. क्रिटाच्या हिस्टोग्राममध्ये, म्हणजे कोणत्या छटेचे किती पिक्सेल आहेत ते दाखवणाऱ्या आलेखात, सगळ्या सावल्या शून्यावर गोळा झालेल्या दिसल्या, तर चित्रकाराला तेवढेच दाखवून विचारावे की हे त्याने ठरवून केले आहे का.

एका विद्यार्थिनीने प्रज्ञान बग्गीच्या नजरेतून विक्रम लँडरचे कृष्णधवल चित्र काढले होते. चंद्रयान-३ हे २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरले आणि पुढे ३० ऑगस्टला प्रज्ञानच्या नॅव्हकॅमने (मार्ग शोधण्याच्या कॅमेऱ्याने) टिपलेले विक्रमचे कृष्णधवल छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. तिच्या चित्रावर बहुतेकांनी आकाशात तारे वाढवण्याची सूचना केली. मला सावली खटकली. उतरण्याची जागा सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर आहे आणि चंद्राचा अक्ष जेमतेम दीड अंश कललेला आहे, त्यामुळे तिथे सूर्य क्षितिजापासून साडेबावीस अंशांच्या वर फारसा जाऊच शकत नाही. सपाट जमिनीवर सावली वस्तूच्या उंचीच्या निदान २.४ पट लांब पडायला हवी. चित्रात बाजूला पडलेली सावली लँडरच्या उंचीहूनही आखूड होती. मी वेगळ्या लेयरवर सूर्यकिरणाचा कोन दाखवणारा एक त्रिकोण काढून पाठवला. तिने सावली लांबवली तेव्हा चित्राची संपूर्ण रचनाच बदलली आणि डावीकडची मोकळी जागा आपोआप भरली. ताऱ्यांबाबत मी फक्त एक प्रश्न विचारला : हे दृश्य कॅमेऱ्याचे आहे की कल्पनेतले? उन्हातल्या जमिनीसाठी बेतलेल्या अल्प उघडझापेत (एक्स्पोजरमध्ये) कॅमेऱ्याला तारे टिपता येत नाहीत, पण चित्रकाराला ते काढण्याची मोकळीक आहे. त्याने दोन्हींपैकी काय निवडले ते आपल्याला माहीत असले पाहिजे, एवढेच.

तारे काढलेच तर ते एकसारखे शिंपडू नयेत. तेजस्वी तारे मोजके आणि अंधुक तारे पुष्कळ असतात, आणि प्रत (ताऱ्याचे तेज मोजण्याची श्रेणी) या मापात पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात १०० पटींचा फरक. क्रिटाच्या स्प्रे ब्रशमध्ये कणांचा आकार अनियमित ठेवता येतो, तरी मोठे तारे हाताने ठेवावेत असेच मी सुचवते. ताऱ्यांभोवतीचे टोकदार किरण हबल या अंतराळ दुर्बिणीच्या छायाचित्रांत चार असतात, जेम्स वेब दुर्बिणीच्या छायाचित्रांत सहा मोठे आणि दोन लहान असतात. ते दुर्बिणीच्या रचनेतून येतात. एकाच चित्रात दोन्ही प्रकार मिसळलेले असतील, किंवा ग्रहाच्या पृष्ठभागावरून पाहिलेल्या आकाशात असे किरण असतील, तर ते निदर्शनास आणून द्यावे.

उणिवांपैकी मुख्य अशी की क्रिटामध्ये अनेकांना एकाच वेळी एका फाईलवर काम करता येत नाही आणि चित्रातील ठरावीक जागेला जोडलेली लेखी टीप ठेवण्याची स्वतंत्र सोय नाही. आयपॅडसाठी ते उपलब्ध नाही. दोघांच्या पडद्यांवर काळा सारखा दिसत नाही ही अडचण कोणत्याच सॉफ्टवेअरने पूर्ण सुटणारी नाही. ओएलईडी मोबाइलवर जे खोल काळे दिसते ते साध्या लॅपटॉपवर राखाडी दिसते. त्यावर आमच्या गटाने चित्राच्या कडेला काळ्यापासून वर जाणाऱ्या सोळा करड्या चौकटींची एक पट्टी जोडण्याची पद्धत ठेवली आहे. अभिप्राय देणाऱ्याने सर्वांत गडद बाजूच्या कोणत्या दोन चौकटी आपल्याला वेगळ्या दिसत नाहीत हे आधी लिहायचे आणि मगच चित्रातील अंधाराविषयी बोलायचे. टिपांसाठी खुणांच्या लेयरवर आकडे टाकून त्या आकड्यांप्रमाणे मजकूर वेगळा लिहिला जातो. मासिक वर्गणीची सॉफ्टवेअर परवडत नसलेल्या विद्यार्थ्यांना, साधा पेन टॅबलेट आणि मध्यम ताकदीचा संगणक एवढ्यावर, हे सगळे क्रिटामध्ये आजच सुरू करता येईल. भविष्यात जागेला जोडलेल्या टिपांची सोय झाली तर आकड्यांचा हा वेगळा कागदही लागणार नाही.