फॅमिली डॉक्टर की नर्स प्रॅक्टिशनर?

नुकतीच अमेरिकेत राहायला गेलेली मावसबहीण विचारत होती, नेहमीच्या उपचारांसाठी नाव कुणाकडे नोंदवू, फॅमिली डॉक्टरकडे की नर्स प्रॅक्टिशनरकडे (म्हणजे जादा शिक्षण घेऊन रुग्ण तपासणारी, औषधं लिहून देणारी नर्स)? तिथे डॉक्टरांची संघटना अशा नर्सना स्वतंत्रपणे उपचार करण्याचे अधिकार देण्याच्या विरोधात आहे, नर्सच्या संघटना त्यासाठीच लढतायत. दोघांचा प्रचार बाजूला ठेवू.

खरा फरक प्रशिक्षणात आहे. डॉक्टर पदवीनंतर चार वर्षं वैद्यकीय शिक्षण घेतो, मग किमान तीन वर्षं रेसिडेन्सी, म्हणजे देखरेखीखाली रुग्णांवर उपचार करत घेतलेलं प्रशिक्षण. नर्स प्रॅक्टिशनर नर्सिंगमध्ये मास्टर्स किंवा डॉक्टरेट करते. रेसिडेन्सी बहुधा सक्तीची नसते. गुंतागुंतीचं निदान करताना हे अंतर मला फार महत्त्वाचं वाटतं. तरी 2000 साली 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत सहा महिन्यांनी दोन्हीकडच्या रुग्णांची तब्येत जवळपास सारखीच होती. अर्थात, सहाच महिने!

खर्च? मेडिकेअर ही मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी विमा योजना नर्स प्रॅक्टिशनरला डॉक्टरच्या दराच्या 85 टक्के देते, पण आपल्या खिशाला किती चाट बसेल ते विम्यावर.

अधिकार राज्यागणिक वेगळे. टेक्सासमध्ये औषधं लिहून द्यायला नर्स प्रॅक्टिशनरला डॉक्टरशी करार करावा लागतो, ॲरिझोनात नाही.

रक्तदाब, मधुमेहाची नियमित देखरेख, लसी, सर्दी-ताप यासाठी नर्स प्रॅक्टिशनर निश्चिंतपणे निवडावी. एकाच वेळी अनेक आजार असतील किंवा निदानच होत नसेल, तर थांबावं लागलं तरी डॉक्टरच.