जी-०७ मॉनिटरचा कॅपॅसिटर संच: माल चोख, यादी अपुरी

शिकागोजवळच्या आमच्या घराच्या तळघरात ‘मिस पॅक-मॅन’ या १९८२ सालच्या नाणे टाकून खेळायच्या व्हिडिओ खेळाचे मूळ कॅबिनेट (उभे खेळयंत्र) आहे आणि त्यात इलेक्ट्रोहोम या कॅनडातील कंपनीचा १९ इंची जी-०७ मॉनिटर आहे. चित्र बिघडू लागल्यावर मी या मॉनिटरसाठी तयार मिळणारा इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरांचा (वीज साठवणाऱ्या, धन-ऋण बाजू असलेल्या सुट्या भागांचा) संच मागवला. हे परीक्षण त्या संचाचे आहे.

दोष दोन होते. खेळातील चक्रव्यूहाची डावी कड स्वतःवरच घडी पडल्यासारखी दिसत होती आणि एक फिकट उभा पट्टा पडद्यावरून सावकाश सरकत होता. या खेळात मॉनिटर कुशीवर बसवलेला असतो, त्यामुळे आडव्या-उभ्याचा हिशेब उलटा करावा लागतो: डाव्या कडेची घडी हा प्रत्यक्षात व्हर्टिकल विभागाचा, म्हणजे चित्र वरून खाली पसरवणाऱ्या सर्किटचा दोष असतो, आणि उभा पट्टा म्हणजे वीजपुरवठ्यातला हम, म्हणजे नीट गाळल्या न गेलेल्या विजेचा चढउतार. खेळाचे चित्र सेकंदाला सुमारे ६०.६ वेळा उमटते आणि इथली वीज ६० हर्ट्झची आहे. या किंचित फरकामुळेच तो पट्टा एका जागी न थांबता सरकतो.

संचातील वीसेक कॅपॅसिटर नामांकित बनावटीचे आणि १०५ अंश तापमानाला टिकणारे होते, प्रत्येकावर बोर्डावरील क्रमांकाची चिठ्ठी होती, आणि एकही पाय आखूड नव्हता. सोबतच्या कागदावर धन-ऋण बाजू मात्र कुठेच दाखवलेली नव्हती. उलटा बसवलेला इलेक्ट्रोलिटिक फुटतो, तेव्हा नवख्या माणसासाठी ही चूक लहान म्हणता येणार नाही. पिक्चर ट्यूबमधला उच्च दाब आधी ट्यूबच्या बाहेरील अर्थिंगच्या वेणीवर उतरवून घ्यावा, एवढी एक ओळही त्यात नाही. या मॉनिटरची चासी ‘हॉट’, म्हणजे थेट घरच्या विजेशी जोडलेली असल्यामुळे कॅबिनेटबाहेर तो आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (त्याला घरच्या विजेपासून वेगळे ठेवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरशिवाय) चालवू नये, हेही ग्राहकाने स्वतःच शोधून काढायचे.

सर्व कॅपॅसिटर बदलल्यावर घडी पूर्ण नाहीशी झाली. पट्टा मात्र तसाच राहिला, कारण वीजपुरवठ्याचा मोठा फिल्टर कॅपॅसिटर, म्हणजे विजेतला चढउतार गाळणारा भाग, या संचात नाहीच. विक्रेत्याच्या जाहिरातीत ‘संपूर्ण संच’ असे लिहिले होते. विचारल्यावर तो भाग वेगळा विकतात असे उत्तर आले. तो मागवून बसवला तेव्हा पट्टा गेला आणि आधी खाली-वर होणारा बी प्लस दाब (वीजपुरवठ्याकडून मॉनिटरला मिळणारा मुख्य डीसी दाब) १२० व्होल्टवर स्थिर झाला. मॉनिटर उघडण्यापूर्वीच हा दाब मोजला असता तर रोग कुठे आहे ते मला पहिल्याच दिवशी कळले असते.

त्यानंतर मधूनमधून हिरवा रंग जाऊ लागला, पण त्याचा दोष संचाला देता येणार नाही. ट्यूबच्या मानेवरील बोर्डाच्या पिनांना ड्राय सोल्डर झाले होते, म्हणजे डाखाची जोडणी सैल पडली होती. भिंगाखाली पिनेभोवती बारीक गोल चीर दिसली आणि ताजा डाख दिल्यावर रंग परतला. अशी चीर कोणताही कॅपॅसिटर संच भरून काढत नाही, म्हणून संच मागवण्याआधी मानेचा बोर्ड आणि सर्व जोडण्या तपासाव्यात.

दर्जासाठी पाचपैकी चार गुण, जाहिरातीतील ‘संपूर्ण’ या शब्दासाठी एक. घ्यायचाच असेल तर मोठा फिल्टर कॅपॅसिटर त्याच मागणीत जोडून घ्यावा. मला टपालखर्च दोनदा भरावा लागला.