वेचणीच्या दिवसांतले स्तनतपासणी शिबिर
यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात मागील महिन्यात एका संस्थेने जिल्हा परिषदेच्या शाळेत स्तनतपासणीचे मोफत शिबिर भरवले होते, आणि आई व वहिनीला घेऊन मी तेथे गेले होते. तपासणी नीट झाली, डॉक्टरबाईंची वागणूकही आपुलकीची होती. परंतु शिबिराचे खरे मोल मला तपासणीआधी त्यांनी दिलेल्या माहितीत आढळले.

स्तनाचा बराचसा भाग चरबीचा असतो आणि चरबी म्हणजे नुसता साठा, अशीच आम्हा सगळ्यांची समजूत होती. डॉक्टरबाईंनी फळ्यावर खडूने आकृती काढून समजावले, की कर्करोगाच्या गाठीला लागून असलेल्या चरबीच्या पेशी तिच्या सहवासात बदलतात, आपल्यातील स्निग्धांश सोडून आकसतात, आणि बाहेर पडलेली मेदाम्ले कर्कपेशी इंधनासारखी वापरतात; शिवाय या बदललेल्या पेशींतून इंटरल्युकिन-६ सारखी दाह वाढवणारी द्रव्ये स्रवतात, ज्यांच्यामुळे कर्कपेशींना आसपासच्या भागात शिरणे सोपे जाते. अंडाशयाचा कर्करोग पोटातील आतड्यांवर पदरासारख्या पसरलेल्या चरबीच्या पडद्याकडे का धावतो, याचेही कारण असेच आहे, हे शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले होते.

पाळी गेल्यावर अंडाशयात इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक तयार होणे जवळजवळ थांबते, तरी चरबीतील अ‍ॅरोमाटेज हे विकर ते तयार करीतच राहते आणि स्तनाच्या अनेक गाठी त्यावर पोसल्या जातात, हे ऐकून आईने विचारले, “म्हणजे पाळी गेली म्हणून बिनघोर राह्याचं नाही?” डॉक्टरबाईंनी तिला, वयाबरोबर धोका वाढतोच, असे स्पष्ट सांगितले. सडपातळ बाईलाही हा रोग होतो आणि आजारी बाईला तिच्या वजनाचा दोष देऊ नये, हेही त्यांनी आवर्जून सांगितले. मला ते फार मोलाचे वाटले.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, वेचणी ऐन भरात असताना शिबिर सकाळी अकराला ठेवले, त्यामुळे किलोमागे मजुरी मिळवणाऱ्या बायका आल्याच नाहीत. भिंतीवरचे तक्ते इंग्रजीत होते. सर्वांच्या कमरेचे माप घेतले, पण भारतीय स्त्रीसाठी ८० सेंटिमीटरच्या पुढचे माप धोक्याचे मानतात, एवढेही कोणी सांगितले नाही.

सर्वांत मोठी उणीव पुढच्या पाठपुराव्याची होती. शेजारच्या काकूंना गाठ लागली, तेव्हा त्यांच्या हाती जिल्ह्याला जाण्याची चिठ्ठी दिली. तारीख नाही, सोबत कोणी नाही, नंतर फोनही नाही. चिठ्ठी देवघरात तशीच पडून राहिली आणि अखेर आमच्या आशाताईच त्यांना एसटीने घेऊन गेल्या. पुढचे शिबिर वेचणी आटोपल्यावर, संध्याकाळी घ्यावे आणि गाठ आढळलेल्या प्रत्येक बाईची तारीख तेथेच ठरवून द्यावी, असा अर्ज आम्ही गावातील बायकांनी सह्या करून संस्थेकडे पाठवला आहे.