मालवण बाजारातलं जुनं सीडीचं दुकान, नक्की जा

आईला एक जुना पिक्चर बघायचा होता पण नाव आठवेना, एवढंच की आशा काळे आहे, भुताची भीती आहे आणि नावात 'रात्रीस खेळ चाले' असं कायतरी. मी मोबाईलवर शोधलं तर सगळीकडे २०१६ ची ती सिरीयलच, आकेरीचा वाडा, अण्णा नाईक, आई म्हणे हे नव्हे रे. शेवटी बाजारातल्या दुकानात घेऊन गेलो. काकांनी घाई केली नाही, आईला स्टूल दिलं नि म्हणाले "वयनी, दुसरा खयचा गाणा आठवता काय? जरा गुणगुणा बघूया." आईने लाजत लाजत 'गोमू संगतीनं'ची चाल धरली, दोन ओळी झाल्या नसतील तोवर काका उठले, "हा खेळ सावल्यांचा! १९७६ चो. 'रात्रीस खेळ चाले' ह्या त्यातलाच गाणा, महेंद्र कपूरचा." मग खोक्यातून व्हीसीडी काढली, पंच्याच्या टोकाने पुसली आणि लावून दाखवली तेव्हाच पैसे घेतले. आईचा चेहरा बघण्यासारखा होता. दुपारी एक ते चार बंद असतं, आम्हाला एक हेलपाटा पडला, तेवढं बघून जा.